कोऱ्या कागदावरची सही

शिक्षकाची फाइल हाती आली की मी नेमणुकीचा आदेश नंतर पाहतो, आधी राजीनामा शोधतो. सरळ बडतर्फी असेल तर वकिलाचं काम त्या मानाने सोपं. आरोपपत्र दिलं का, खासगी शाळांच्या सेवाशर्तींच्या नियम ३६ प्रमाणे तिघांची चौकशी समिती नेमली का, तिच्यात शिक्षकाचा प्रतिनिधी होता का? नसेल, तर शाळा न्यायाधिकरणापुढे संस्थेची बाजू लंगडी पडते. संस्थाचालकांना हे आता तोंडपाठ झालं आहे. त्यामुळे नको असलेल्या शिक्षकाला काढलं जात नाही, त्याचा राजीनामा 'येतो'.

तो कसा आला हे कागदच सांगतो. नोकरीला लागताना कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवलेली असते, मजकूर तिच्या डोक्यावर पुढे कधीतरी चढतो. मग शेवटच्या ओळी दाटीवाटीने कोंबाव्या लागतात. कारण ठरलेलं, 'घरगुती अडचणींमुळे'. तारखेची शाई वेगळी. आवक रजिस्टरात दोन नोंदींच्या मधे 'अ' लावलेला एक क्रमांक घुसलेला. आणि राजीनामा दिल्यावरही बाई आठवडाभर मस्टरवर सह्या करताहेत!

खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठीचा महाराष्ट्राचा १९७७ चा कायदा करणाऱ्यांना ही चलाखी ठाऊक असावी. कलम ७ सांगतं, राजीनामा दोन प्रतींत लिहा, दोन्हींवर सही आणि तारीख घाला, एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेला पाठवा, दुसरी स्वतःकडे ठेवा. (टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं, कलमातले शब्द मात्र जुनेच आहेत.) शिवाय नियम ४० प्रमाणे कायम शिक्षकाने तीन महिन्यांची नोटीस द्यायची असते. सकाळी राजीनामा, दुपारी मंजूर, संध्याकाळी कार्यमुक्त, हा वेगच मुळात संशयास्पद.

अर्थात, पोस्टाने आला नाही एवढ्यावरून प्रत्येक राजीनामा खोटा ठरत नाही. खुशीने नोकरी सोडून, दुसरीकडे जमलं नाही म्हणून वर्षाने जबरदस्तीचा आरोप करणारेही पाहिले आहेत. अशा वेळी प्रामाणिक संस्थेलाही कलम ७ चीच ढाल असते. ते कलम पाळायला खर्च जेमतेम पाकिटाचा.

यात खरी कोंडी होते ती मुख्याध्यापकांची. ते शाळा समितीचे सचिव, आणि संस्थेचे नोकरही. कार्यमुक्तीच्या आदेशावर सही त्यांची, उलटतपासणीला पिंजऱ्यातही तेच. रजिस्टरात मागच्या तारखेची नोंद घालायला सांगितली तर लेखी आदेश मागा, एवढंच माझं त्यांना सांगणं असतं.

आणि शिक्षकांनो, अपिलाला मुदत फक्त तीस दिवसांची आहे. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण लागतं. 'साहेब परत घेतो म्हणाले होते' हे सहसा पुरत नाही. तुमची कोरी सही कुणाकडे पडून असेल, तर वाद होण्याची वाट पाहू नका. तसं आजच संस्थेला आणि शिक्षणाधिकाऱ्यांना टपालाने कळवा, आणि पोच जपून ठेवा.