पहिल्या पगाराचे वाटेकरी

आमच्यापैकी अनेकांच्या हातात आला तो खानदानातला पहिला नियमित पगार. खात्यात पैसे जमा झाल्याचा मेसेज येतो आणि तीन दिवसांत त्याचे वाटे पडतात. गावच्या घराचे पत्रे, बहिणीची बीएडची फी, वडिलांच्या शुगरच्या गोळ्या, पुण्यात एमपीएससी करणाऱ्या भावाच्या खोलीचं भाडं. उरलं तर आम्ही. ही तक्रार नाही. त्याच घराने पोटाला चिमटा घेऊन आम्हाला शिकवलं.

पण मोबाइलवर कुणी आर्थिक सल्लागार येतो आणि सांगतो, पन्नास टक्के गरजांवर, तीस टक्के हौसेवर, वीस टक्के बचत. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, बाहेरची कॉफी बंद करा. कुठली कॉफी? हा सल्ला ज्याच्यासाठी आहे त्याचा बाप पेन्शनवर असतो, राहता फ्लॅट स्वतःचा असतो. आमच्या घराचा राखीव फंड म्हणजे आम्हीच.

ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या सवर्ण सहकाऱ्याचा पगार आमच्याइतकाच. पाच वर्षांनी त्याचं घर बुक झालेलं असतं, आमचं आत्ता कुठे बापाचं कर्ज फिटत आलेलं असतं. मग तो म्हणतो, तुम्हा लोकांना पैसा टिकवता येत नाही. मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढून बघा. शूद्राने ऐपत असली तरी धनसंचय करू नये, आणि चांडाळाची संपत्ती म्हणजे कुत्री आणि गाढवं, हे तिथे लिहिलेलं आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे जाळलं त्यात हे अर्थशास्त्रही होतं. ज्यांना साठवायलाच बंदी होती त्यांना बचतीची सवय नाही म्हणून हिणवणं ही शुद्ध लबाडी आहे.

मात्र एवढं बोलून आपली सुटका होत नाही. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिला हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. त्यांचा घरचा हिशेब मात्र कुणी सांगत नाही. सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपये पगार होता, राहणं परळच्या चाळीत. त्या पगारातून मागे टाकलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं ५,००० रुपयांचं कर्ज, एवढ्यावर ते १९२० साली लंडनला परतले. मागे संसार रमाईने ओढला. म्हणजे कर्ज त्यांनीही काढलं. कशासाठी काढलं, ते बघा.

आज आमच्या पोरांच्या खिशात क्रेडिट कार्ड आहे. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस. ४०,००० थकले तर महिन्याचं व्याज १,४००, त्यावर जीएसटी २५२. तुम्ही २,००० भरले तर मुद्दल फक्त ३४८ रुपयांनी कमी होतं. गावचा सावकार निदान तोंड दाखवत होता.

त्याहून वाईट जामीनकीची सही. पतसंस्थेतून मित्राला कर्ज हवं असतं, पगाराची स्लिप आपल्याकडे. ‘अरे, फक्त सही दे, नावापुरती आहे.’ नावापुरती नसते. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. आधी त्याच्याकडे जा, मग माझ्याकडे या, असं एरवी म्हणता येत नाही. हप्ते थकले की नोटीस आपल्याला येते आणि उद्या आपण घरासाठी कर्ज मागायला गेलो की सिबिल आडवा येतो. नाही म्हटलं तर ‘साहेब झाला, समाजाला विसरला’ हे ऐकावं लागतं. ऐकावं. झेपतील तेवढे पाच हजार हातात द्यावेत, परत आले नाहीत तरी चालेल अशा हिशेबाने द्यावेत. सही देऊ नये. मैत्रीही त्यानेच टिकते.

विम्याचंही तसंच. आतेभाऊ एजंट होतो आणि पैसे परत मिळणारी पॉलिसी गळ्यात मारतो. जिच्या पगारावर पाच माणसं जगतात तिला आधी साधा टर्म विमा हवा. हप्ता कमी, रक्कम मोठी, जिवंत राहिलो तर परत काही नाही. आईला हे पटवायला आमच्यातल्या एकीला दोन दिवाळ्या लागल्या.

सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले: एक उपभोगाला, दोन व्यवसायात, चौथा अडचणीसाठी राखून. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपुरात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी मिळकतीचा विसावा हिस्सा मागितला. जयंतीच्या डीजेची वर्गणी त्यात धरायची का, यावर आमच्यात दरवर्षी भांडण होतं. आमचं मत: धरायची नाही.

आम्ही सात जण तो विसावा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकतो. शिष्यवृत्ती मंजूर होते, पण पैसे परीक्षा उलटून गेल्यावर येतात आणि कॉलेज फीसाठी हॉल तिकीट अडवतं; तेवढ्या काळासाठी पोरांना बिनव्याजी रक्कम द्यायची. नियम कागदावर आहेत, जामीनदार मागत नाही. यंदा तिघांना दिली. दोघांची परत आली, तिसरीची शिष्यवृत्ती अजून जमा झालेली नाही.