नर्सी राहून गेली

नर्सी नामदेव येथे पाहण्यासारखे काय आहे, असा प्रश्न मला माझ्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथाच्या देवळाबाहेर, भर उन्हात, हातात यात्रेकरूंची यादी धरून उभ्या असलेल्या एका व्यवस्थापकाने विचारला, त्याला आता काही वर्षे लोटली. परंतु त्या प्रश्नाचा सल अद्याप गेलेला नाही आणि जाईल असे चिन्हही दिसत नाही.

हकीकत अशी, की पुण्याची माझी मावशी एका यात्रा कंपनीच्या बसने नांदेडास आली होती. हुजूर साहेबचे दर्शन आटोपले होते, परतीची गाडी दुसऱ्या दिवशी रात्रीची होती, आणि मधला एक दिवस मोकळा होता. मी हिंगोलीचा रहिवासी, महसूल खात्यात हयात गेलेला, जिल्ह्याचे पाचही तालुके पायाखाली घातलेला. तेव्हा त्या दिवसाचा तपशील मी आखून द्यावा असे ठरले. मी लिहून कळवले, की पहाटे निघून वसमतमार्गे औंढा गाठावे, तेथून पंचवीसेक किलोमीटरवर हिंगोलीस माझ्या घरी सर्व मंडळींनी दोन घास खावेत, दुपारी कयाधूकाठच्या नर्सीस जावे आणि दिवेलागणीला नांदेडास परतावे. व्यवस्थापकाने फोनवर त्यास मान्यता दिली. आणि घरी पुरणाची डाळ भिजत पडली.

औंढा आणि नर्सी ही दोन गावे एकाच दिवशी पाहावीत, या माझ्या आग्रहामागे केवळ यजमानाची हौस नव्हती. 1270 साली नामदेव नर्सीस जन्मले असे परंपरा मानते. आणि त्याच परंपरेनुसार, गुरूच्या शोधात ते औंढ्यास आले, तेव्हा विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले त्यांना दिसले, आणि ‘जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव’ या त्यांच्या एका उत्तराने त्या कोवळ्या भक्ताचे सारे तत्त्वज्ञान उलथेपालथे झाले. औंढ्याच्या काळ्या पाषाणात कोरलेल्या भिंती, त्यांवर उत्तरकाळी चढवलेले पांढरे शिखर, बसूनच उतरावे लागते असे ते भुयारी गर्भगृह, आणि नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरले म्हणून नंदी मागे राहिला ही आख्यायिका, हे सर्व पाहून जो नर्सीस न जाता माघारी वळतो, त्याने आख्यानाचा उत्तरार्ध ऐकला आणि पूर्वरंग सोडला असे म्हणावे लागेल. ज्यांची 61 पदे गुरु ग्रंथ साहिबात आहेत, ज्यांच्यासाठी पंजाबातील यात्रेकरू नांदेडाहून मुद्दाम वाट वाकडी करून नर्सीस येतात, आणि ज्यांच्या पंजाबातील वास्तव्याच्या स्मरणार्थ 2015 साली 88 वे मराठी साहित्य संमेलन गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे भरले, त्यांच्या जन्मगावाविषयी एका मराठी माणसाने मराठी माणसाला तो प्रश्न करावा!

दर्शनाची रांग लांबली, ही गोष्ट खरी. मंडळी बाहेर आली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. व्यवस्थापकाने घड्याळ पाहिले, यादी पाहिली, आणि जाहीर केले, की आपण आता परळीस निघू. म्हणजे एका दिवसात दोन ज्योतिर्लिंगे होतील. परळी म्हणजे परभणी, गंगाखेड ओलांडून शंभराहून अधिक किलोमीटर. मी म्हणालो, ‘साहेब, ठरले होते नर्सी. घरी पस्तीस पाने मांडली आहेत.’ त्यावर तो प्रश्न आला. आणि माझे उत्तर पुरे होण्याआधीच त्याने बसच्या पायरीवर चढून, ज्यांना परळीस यायचे त्यांनी हात वर करावेत, असे फर्मावले.

या हात वर करण्याविषयी मला सविस्तर बोलले पाहिजे, कारण माझी खरी तक्रार तेथे आहे. एका बाजूस बारांपैकी एक ज्योतिर्लिंग, ज्याचे नाव प्रत्येकाने लहानपणी स्तोत्रात पाठ केलेले. दुसऱ्या बाजूस एक खेडे, ज्याचे वर्णन करण्याची संधीच मला दिली गेली नाही. असे मत घेणे म्हणजे एका पक्षकाराची कैफियत न ऐकता निकाल देणे होय. सरकारी कचेरीत शेताच्या बांधाचा क्षुल्लक तंटा असला तरी दोन्ही बाजूंना नोटीस जाते, पंचनामा होतो, जबाब लिहून घेतले जातात. येथे एका क्षणात सारे हात वर गेले, आणि ते कोणी मोजलेही नाहीत. खिडकीशी बसलेल्या मावशीचे हात मांडीवर होते. पंढरीची माळ गळ्यात असलेली ही बाई, रोज पहाटे नामदेवांचा अभंग म्हटल्याखेरीज चहा न घेणारी, या यात्रेस आली होती तीच मुळी नर्सीसाठी.

मी व्यवस्थापकास विनवले, की यांना एकट्यांना माझ्याबरोबर द्या. जीप आहे, सायंकाळी नांदेडाच्या स्थानकावर आणून पोचवतो. तो म्हणाला, की गटातून कोणास सोडण्याचा नियम नाही, फॉर्मवर त्यांची सही आहे. मी लेखी हमी देण्याची तयारी दाखवली. आयुष्यभर लोकांचे जामीनकतबे तपासलेल्या माणसाचा कागद त्याने हातातही घेतला नाही. ‘जाऊ दे रे,’ मावशी म्हणाली, ‘तू उन्हात उभा राहू नकोस.’ बस निघून गेली. घरच्या पुरणपोळ्या आळीत वाटल्या.

येथवर वाचून कोणासही वाटेल, की मावशी हळहळत परतली असेल. मला तरी तसेच वाटले होते. किंबहुना तिच्या हळहळीचा आधार घेऊनच मी त्या यात्रा कंपनीस दोन पाने भरून तक्रार लिहिली होती. पुढे पुण्यास गेलो असता मी विषय काढला, तेव्हा ती प्रसन्न मुद्रेने सांगू लागली, की वाटेत गंगाखेड लागले, बस थांबली नाही, पण गोदावरीच्या पुलावर तिने खिडकीतून हात जोडले. नाम्याच्या घरी राबणाऱ्या जनाबाईचे गाव डोळ्यांनी पाहिले. आणि परळीस वैद्यनाथाच्या पायऱ्या चढताना गुडघे दुखले नाहीत. ‘नाम्याचे घर नाही, पण जनीचे तरी झाले,’ असे म्हणून तिने विषय मिटवला. माझा राग मात्र त्याने निवला नाही. जिच्यावतीने भांडावे तिनेच राजीनामा लिहून दिला, तर वकिलाने कोठे जावे?

याच मावशीच्या नातवाने गेल्या वर्षी मला असाच एका दिवसाचा सल्ला विचारला. तो परदेशी नोकरीस आहे. भूमध्य समुद्रातील क्रूझवर सहकुटुंब निघाला होता. इटलीत लिव्होर्नो बंदरात जहाज सकाळी लागणार व सायंकाळी सुटणार. तेवढ्यात सुमारे नव्वद किलोमीटरवरचे फ्लॉरेन्स करावे, की जवळचे पिसा आणि लुक्का ही दोन शहरे? मी इटली नकाशावर आणि ग्रंथांतच पाहिलेली. तरी सल्ला देण्यास मागेपुढे पाहिले नाही. निघण्याची वेळ शेवटून मोजावी; जहाजाच्या स्वतःच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज खोळंबते, आपल्या पायी गेलेल्यासाठी ते थांबत नाही; सोमवारी फ्लॉरेन्सची उफित्सी आणि अकादमी ही दोन्ही संग्रहालये बंद असतात, तेव्हा वार पाहावा; आणि वार सोमवार नसेल तर बाकी सर्व सोडून फ्लॉरेन्स, कारण मायकेलँजेलोचा डेव्हिड तेथे आहे. लुक्क्याचा चार किलोमीटरांचा अभंग तट, ज्यावरून आजही शहराची प्रदक्षिणा करता येते, आणि 1858 साली पुच्चिनी या संगीतकाराचा जन्म झाला ते तेथील घर, यांस मी एका वाक्यात निकालात काढले. त्याने माझे ऐकले नाही. ती मंडळी पिसाचा कललेला मनोरा पाहून लुक्क्यास गेली, तटावर सायकली फिरवल्या, आणि फार आनंदात परतली.

आता कोणी नांदेडास उतरून एका दिवसाचा सल्ला मागितला, तर मी पूर्वीचाच तपशील देतो, आणि एक युक्तिवाद जोडतो: परळीस स्वतःचे रेल्वे स्थानक आहे, आज नाही तर उद्या गाडी तेथे नेईल; नर्सीस नाही. जेथे पुन्हा जाणे सहज घडणार नाही, ते गाव हाती असलेल्या दिवसात आधी पाहावे. कोणी चतुर वाचक म्हणेल, की या न्यायाने लुक्काच योग्य ठरते, कारण फ्लॉरेन्सला साऱ्या जगाच्या वाटा जातात. ठरत असेल. पण त्या नातवाचे पत्र पुन्हा आले, तर मी पुन्हा फ्लॉरेन्सच लिहीन. आणि नर्सीत पाहण्यासारखे काय आहे असे त्याने विचारले, तर उत्तर देण्याआधी त्याला जीपमध्ये बसवीन.