एक किलोमीटर तार

जुनी इलेक्ट्रिक गिटार दुरुस्त करायची ठरली, की सगळ्यात आधी तिची मान पाहावी. त्याला पैसे लागत नाहीत. गिटार उचलून डोळ्यांच्या रेषेत धरायची, एक डोळा मिटायचा आणि मानेवरून पार बुडापर्यंत नजर टाकायची. सहा तारा मिळून मानेला साधारण ४५ किलोंचा ताण देतात, आणि तो रात्रंदिवस असतो. तारा न सैलावता गिटार वर्षानुवर्षं पडून राहिली, की मान पुढे झुकते. नुसती झुकली असेल तर आतली ट्रस रॉडची पोलादी सळई आवळून ती मागे आणता येते. पीळ बसला असेल तर मात्र दुरुस्तीचा खर्च गिटारच्या किमतीवर जातो. आमच्या गिटारची मान झुकली होती, पीळ नव्हता. तेवढं पाहिलं आणि मी कामाला लागले.

ही अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची गिटार. अण्णा सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात टर्नर होते आणि गळीत हंगाम संपला की संध्याकाळी एका ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवायचे. गणपती, नवरात्र, लग्नसराई, एखाद्या गावची जत्रा. त्यांच्या पिढीला गिटारचं वेड लावलं ते हिंदी सिनेमाने. १९७३ साली ‘यादों की बारात’ आला. १९८० च्या ‘कर्ज’मध्ये तर गिटारवरची एक धून हीच कथेची किल्ली होती. पण त्याही आधीपासून मांडवातल्या कर्ण्यांवर वॅन शिप्ली आणि हजारा सिंग यांच्या रेकॉर्डी वाजायच्या, आणि अण्णांच्या कानात पहिली गिटार शिरली ती तिथून. आडवी ठेवून, पडद्यांवर बोट न दाबता, तारेवरून पोलादी कांडी सरकवत वाजवायची ती गिटार. इलेक्ट्रिक गिटारचा जन्मही त्याच घराण्यातला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जॉर्ज बीचम आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी जी ‘फ्राइंग पॅन’ बाजारात आणली, ती मांडीवर आडवी घेऊन वाजवायची हवाईयन गिटार होती. खांद्याला पट्टा अडकवून उभ्याने वाजवायचा रुबाब नंतरचा.

परदेशी गिटार तेव्हा जहाजावर नोकरी करणाऱ्या कुणाशी ओळख असेल तरच मिळायची, आणि टर्नरच्या पगारात ती बसणारी नव्हती. अण्णांची गिटार कलकत्त्याच्या कुठल्याशा वर्कशॉपात बनलेली, मुंबईच्या एका वादकाने वापरून विकलेली. डोक्यावरचं नाव तेव्हाच पुसट झालं होतं. तिच्या ब्रिजवरचे, तारा टेकवायचे लोखंडी सॅडल गंजून तारा तोडायचे, म्हणून अण्णांनी लेथवर पितळेचे सहा नवे सॅडल काढले. प्रत्येकाच्या माथ्यावर तारेपुरती बारीक खाच आहे आणि कडा अशा गोल केल्या आहेत की तळहात टेकवला तरी बोचत नाहीत. मी सगळा ब्रिज सुटा केला, रॉकेलमध्ये धुतला, सॅडलचे स्क्रू तेवढे नवे घातले. सॅडल अजून अगदी आज काढल्यासारखे आहेत. दुकानात मिळणारे मी पाहिले. या सहांइतकं नेटकं काम त्यांत नव्हतं.

गिटारचा गडद लाल रंगही आमच्याच गल्लीतला. रिक्षांच्या गॅरेजमध्ये ड्यूको मारणाऱ्या माणसाने तो एका दुपारी मारून दिला होता. लहानपणी मला वाटायचं, ही आपली गावठी सोय. पुढे वाचलं, की कॅलिफोर्नियात फेंडर कंपनी गिऱ्हाइकाला हवा तो रंग द्यायची, तेव्हा ती मोटारींचेच रंग वापरायची, ड्यू पॉंटचा ड्यूकोसुद्धा. तो लाल रंग कडेने उडालाय, पोटावर पट्ट्याच्या बक्कलाने खरवडलाय. नवा रंग द्यावा असं दोघातिघांनी सुचवलं. मी दिला नाही. आवाजात त्याने काडीचा फरक पडत नाही आणि हाताशी असलेला पैसा मला आवाजासाठी हवा होता.

मी आठवीत असताना अण्णांनी याच गिटारवर मला सोल्डरिंग शिकवलं. आधी जोड तापव, मग सोल्डर लाव. सोल्डर आपणहून वाहत गेलं पाहिजे. तोवर ऑर्केस्ट्रात कॅसिओ आला होता. एका कीबोर्डने आधी अॅकॉर्डियन घालवलं, मग व्हायोलिनवाले, मग हळूहळू बाकीचे. पुढे डीजे आला. गिटार माळ्यावर गेली. मी भौतिकशास्त्र घेतलं, पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले आणि चुंबकाभोवतीच्या कॉइलमध्ये विद्युतप्रवाह कसा निर्माण होतो हे दर वर्षी फळ्यावर काढताना मला माळ्यावरची ती गिटार आठवायची. अण्णा गेले. मग २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर चढली, आमच्या घरात पाणी शिरलं. माळ्यापर्यंत पाणी पोचलं नाही, पण ओल पोचली. पाणी ओसरल्यावर आई पुण्याला माझ्याकडे आली आणि तिच्यासोबत गोधडीत गुंडाळलेली गिटार.

गेल्या वर्षी भाच्याला गिटार शिकायची होती, तेव्हा ती बाहेर काढली. घराचे हप्ते आणि आईची औषधं जाऊन हातात पाच हजार रुपये होते. एवढ्यात काय होतं, असं लोक म्हणतात. पुष्कळ होतं, पण वस्तू आतून समजून घ्यावी लागते. ज्याच्याजवळ पैसा आहे तो नवे पिकअप, नवी मान, नवा ब्रिज मागवतो आणि जुन्या भागाला नेमकं काय झालं होतं हे त्याला कधी कळत नाही. मला प्रत्येक भागाला विचारावं लागलं.

मल्टिमीटर लावला. मानेजवळच्या पिकअपने ५.८ किलोओहम दाखवले, म्हणजे तो जिवंत होता. ब्रिजजवळचा मेला होता, काटा हलेना. पिकअप म्हणजे दुसरं काही नाही. चुंबक, त्यावर लोखंडी खिळे आणि भोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरते, चुंबकीय क्षेत्र हलतं, कॉइलमध्ये क्षीण विद्युतदाब उमटतो आणि तोच अॅम्प्लिफायरमध्ये मोठा होतो. वरची टेप सोडवली तर आतली तार जागोजागी हिरवी पडली होती. पुराची ओल तिथवर गेली होती. ही तार केसाइतकी बारीक असते, एके ठिकाणी तुटली की सगळं मौन. वरचे काही वेढे उलगडून तुटकं टोक सापडतंय का पाहिलं, पण गंज खोलवर होता. पुन्हा गुंडाळणं आलं.

महाराष्ट्रात मोटार रिवायंडिंगचं दुकान नाही असं गाव सापडणार नाही. शेतातल्या पंपांनी हा धंदा घरोघर पोचवलाय. आमच्या भागातल्या दुकानात गुंडाळायचं यंत्र होतं, वेढे मोजणारा काउंटर होता; त्यांच्याकडे एवढी बारीक तार नव्हती. ती बुधवार पेठेत मिळाली, ४६ गेजची, जाडी ०.०६१ मिलिमीटर. दुकानदाराने तार दिव्यासमोर धरून दाखवली तेव्हा नुसता एक तांबूस चमकारा दिसला. साडेसात हजारांच्या आसपास वेढे घ्यायचे होते. हिशेब केला तर एका पिकअपमध्ये जवळपास एक किलोमीटर तार बसते, आगपेटीपेक्षा थोड्या लांब जागेत.

रिवायंडिंगवाल्यांनी यंत्र सावकाश फिरवलं आणि तार माझ्या बोटांतून सोडत राहायला सांगितलं. “ताण तुमच्या बोटांत ठेवा ताई. जास्त दाबलंत तर तुटेल, सैल सोडलंत तर कॉइल फुगेल.” चिमटीतून ती तार जाताना जाणवत नाही, फक्त थोडी ऊब लागते. गुंडाळण्याची दिशा मी मुद्दाम उलटी ठेवायला सांगितली आणि घरी आल्यावर खालची चुंबकपट्टीही पालथी केली. एकेरी कॉइलचे पिकअप घरातल्या वायरिंगमधली ५० हर्ट्‌झची घरघर पकडतात. दोन पिकअपपैकी एकाची कॉइल आणि चुंबक दोन्ही उलटे असले, की दोन्ही एकत्र चालू करताना तारेचा आवाज एकमेकांत मिळतो आणि घरघर एकमेकांना छेदून नाहीशी होते. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हेच तत्त्व एका पिकअपमध्ये दोन कॉइल बसवून वापरलं. अण्णांच्या गिटारमध्ये ही सोय कधीच नव्हती. मांडवातल्या आहुजा अॅम्प्लिफायरमधून तिच्या गाण्याबरोबर ती घरघरही यायची. नव्या गुंडाळणीत हा गुण फुकट पदरात पडणार होता. मी तो घेतला. शेवटी कॉइल मेणात बुडवली, म्हणजे आतले वेढे मोठ्या आवाजात हलून किंचाळत नाहीत. मेणबत्तीचं मेण, पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं, मंद आच. आई शेजारी उभं राहून म्हणाली, “तापलेलं कळतं तुला? फार नको.” फार तापवलं तर बॉबिन वाकतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सांगलीशेजारचं मिरज म्हणजे सतार आणि तानपुऱ्याची पेठ. २०२४ साली या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिथली कारागिरी एकोणिसाव्या शतकापासूनची. मान नीट करून तारा चढवल्यावर तिसरी मोकळी तार विचित्र झणझणत होती. सांगलीला जाणं झालं तेव्हा गिटार घेऊन मी मिरजेच्या एका सतारमेकर चाचांकडे गेले. त्यांनी तार छेडली, कान जवळ नेला आणि हसले. “हिला जवारी लागलीय.”

तानपुऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता असतो. तार तिथून एकदम सुटत नाही, पृष्ठभागाला घासत, स्पर्श करत सुटते, आणि त्या घासण्यातून तानपुऱ्याचा भरलेला, मधमाश्यांसारखा नाद उठतो. ती जवारी साधण्यासाठी कारागीर कानस अन् कागद घेऊन तासन्‌तास बसतात. गिटारचा नट, म्हणजे डोक्याजवळचा तारांचा टेकू, याच्या अगदी उलट हवा. तार एकाच कडेवरून, स्वच्छ सुटली पाहिजे. आमच्या नटची खाच झिजून सपाट झाली होती. तार तिथे लोळत होती आणि गिटारमधून सतार बोलत होती. जन्मभर जवारी काढणाऱ्या माणसालाच ती घालवताही येते. चाचांनी हाडाचा तुकडा घेतला, घासून बसता केला, खाचा पाडल्या आणि प्रत्येक खाचेला डोक्याकडे बारीक उतार दिला. एकेका तारेला दोनदोन हात कानस, मग तार लावून छेडायची, मान हलवायची, पुन्हा कानस. पैसे विचारले तर त्यांनी तानपुऱ्याच्या घोडीहून कमी सांगितले, कारण “यात जवारी नाही काढली.” मानेवरची पट्टी बोटाने चोळत मग म्हणाले, “हे तर आपलं शिसव.” जगभरच्या गिटारींच्या मानांवर आज भारतीय शिसवाची पट्टी दिसते. ब्राझीलने साठच्या दशकाच्या अखेरीस आपल्या रोजवुडच्या ओंडक्यांची निर्यात रोखली आणि गिटारवाले आपल्याकडच्या झाडाकडे वळले.

राहता राहिले पडदे. पडद्याची तार तांबं, जस्त आणि निकेलच्या मिश्रधातूची. तिला निकेल सिल्व्हर म्हणतात, चांदी तिच्यात नसते. पाचव्यापासून आठव्यापर्यंत, वरच्या दोन तारांखाली खोल चरे पडले होते. मी आईला दाखवले. तिने चष्मा लावला, बोट तिथे टेकवलं आणि एक धून गुणगुणली, थांबली, दुसरी गुणगुणली. “इथंच असायचा त्यांचा हात.” सगळे पडदे बदलायला माझ्या बजेटमधले बहुतेक पैसे गेले असते. म्हणून माथ्यांवर मार्करने काळं केलं, सपाट ठोकळ्याला सँडपेपर लावून वरून फिरवलं आणि काळं सगळीकडून सारखं जाईपर्यंत फिरवत राहिले. मग कडा पुन्हा गोल. चरे उथळ झाले, पूर्ण गेले नाहीत. आणखी घासलं असतं तर बाकीचे पडदे उगीच झिजले असते.

व्हॉल्यूमची खरखर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या चार थेंबांनी गेली. टोनचा कपॅसिटर बदलला, जॅक बदलला, ब्रिजची अर्थिंगची तार तुटली होती ती जोडली. पाच हजारांतले काही रुपये उरले, त्यांतून भाच्यासाठी पातळ तारांचा आणखी एक संच घेतला.

बाराव्या पडद्यावर तार बरोबर अर्ध्यावर येते. तिथला दाबलेला स्वर आणि तिथलाच हलक्या स्पर्शाचा स्वर जुळले पाहिजेत. न जुळले तर सॅडल पुढेमागे सरकवायचा. अण्णांच्या पितळी सॅडलमधले पाच जुळले. सहाव्याला आणखी पुढे यायला जागा नव्हती, कारण त्यांच्या काळी ते जाड तार लावायचे. भाच्याने महिनाभर वाजवून पाहिलं आणि म्हणाला, “आत्या, मला जाडच तारा आवडतील.” आता जाड तारा म्हणजे ताण वाढणार, मान पुन्हा पाहायला हवी. पुण्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हा ट्रस रॉडला हात लावणं बरं नाही. दिवाळीनंतर करू, असं ठरलंय.