दोरीचा बस्ता

लग्नाचा बस्ता बांधायला आमच्याकडे अकरा माणसे जातात. पोत चिमटीत धरून बघतात, पदर उजेडात नेतात, दुकानदाराचा चहा पितात आणि शेवटी पहिलीच साडी घेतात. मात्र ज्या दोरीवर चाळीस फुटांवर माणूस रेलायचा, ती ‘द्या हो कुठलीही’ म्हणून घेतली जाते. म्हणून कुडाळजवळच्या आमच्या बागेतल्या पाडेल्याचा नातू दोरी घ्यायला निघाला, तेव्हा मीही पिशवी उचलली.

म्हाताऱ्याने पायात दोरीचा वेढा, कमरेला आकडी आणि आकडीत कोयता एवढ्यावर जन्म काढला. नारळ विकास मंडळाने २०११ साली तरुणांना यंत्राने माडावर चढायला शिकवण्याची योजना काढली. नातू त्या नव्या वळणाचा. शिवाय तो चौथीत असताना त्याचा बाप माडावरून पडला होता. त्याबद्दल तो बोलत नाही.

दुकानदाराने निळी नायलॉनची दोरी पुढे टाकली. ‘‘म्हैस बांधा, तुटायची नाही!’’

‘‘काका, म्हैस माडावर चढत नाही,’’ नातू मला म्हणाला. आम्ही दुसरे दुकान गाठले.

तिथे माझे शिक्षण झाले. ही दोरी पट्ट्याच्या एका कडीतून निघून खोडाला वळसा घालून दुसऱ्या कडीला येते. मागे रेलले की दोन्ही हात मोकळे. पण माडाला ना फांदी ना खाच. पाय सुटला तर साधा वळसा माणसासकट सरसरत खाली येतो. म्हणून खोडाला दोन वेढे हवेत, म्हणजे भार आला की ते आवळतात. तेवढी लांबी धरूनच दोरी घ्यायची. आत पोलादी तार असलेलीही दोरी मिळते. कोयत्याचा चुकार घाव ती जरा सोसते, तरी अभेद्य नव्हे. आणि आमच्या माडांना खेटून विजेच्या तारा गेलेल्या! नातवाने ती नको म्हटले. मी ‘अगदी बरोबर’ म्हणालो. (आमच्याकडे खरेदीला गेलेल्या पुरुषाचे एवढेच काम असते.)

खरी घासाघीस झाली ती दोरी लहानमोठी करणाऱ्या खटक्यावर. भार असतानाही तो एका हाताने सरकतो, ही त्याची ऐट. पण प्रत्येक खटका ठरावीक जाडीच्या दोरीसाठीच असतो. बारीक घातली तर घसरते, जाड घातली तर अडते. म्हणजे आधी पत्रिका जुळवायची! ऐपत नसेल तर प्रुसिकची गाठ: मुख्य दोरीवर तिच्याहून बारीक दोरीचे वेढे, भार आला की धरते, भार गेला की सरकते. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने ती १९३१ साली प्रसिद्ध केली. खटका असो वा गाठ, दोरीच्या मोकळ्या टोकाला पक्की गाठ हवीच, नाहीतर सैल करता करता टोकच निसटायचे.

शेवटी खटका घेतला, दोरी त्याच्या मापाची. किंमत ऐकून आमची ही म्हणाली, ‘‘एवढ्यात पैठणी नाही, पण बरी साडी आली असती.’’

संध्याकाळी म्हाताऱ्याने दोरी साडीसारखीच चिमटीत धरून पाहिली. खटका पुढेमागे केला. मला वाटले, आता हसणार.

‘‘ही तेव्हा गावत नव्हती काय रे?’’

नातू टोकाची गाठ आवळत होता. ‘‘गाठ होती, आजोबा. कोणी शिकवली नाय.’’