खानेसुमारीतली जुळी

थॉर्नटन वाइल्डर यांच्या ‘अवर टाउन’ या नाटकाच्या आरंभी एक प्राध्यापक ग्रोव्हर्स कॉर्नर्स या गावाची लोकसंख्या २६४० अशी सांगतात, आणि सूत्रधार त्यांच्या कानाशी लागून ती २६४२ करवून घेतो. कारण गावच्या डॉक्टरांनी त्याच पहाटे एका पोलिश घरात जुळ्यांचे बाळंतपण केलेले असते. नाट्यवाङ्मय शिकविण्यात आयुष्य गेलेल्या मला या नाटकाचे मर्म या दुरुस्तीतच प्रथम गवसले. जे दोन जीव खानेसुमारीच्या दफ्तरात पुढे केव्हातरी निमूटपणे जमा झाले असते, त्यांच्यासाठी येथे एका विद्वानाचे व्याख्यान अडते.

हे नाटक जानेवारी १९३८ मध्ये प्रिन्स्टन येथे प्रथम रंगभूमीवर आले आणि त्याच वर्षी त्यास पुलित्झर पारितोषिक लाभले. त्यात देखावे नाहीत. मेजे, खुर्च्या आणि दोन शिड्या एवढ्याच सामग्रीवर दोन शेजारघरे उभी राहतात. शिड्यांवर बसून, म्हणजे आपापल्या माडीच्या खिडकीतून, एका घरातली एमिली दुसऱ्या घरातल्या जॉर्जला बीजगणित सांगते. पुढे तीच त्याला तू गर्विष्ठ झालास म्हणून खडसावते, तो ते मुकाट्याने मान्य करतो, आणि सोड्याचे पेले समोर असताना एका अर्धवट राहिलेल्या वाक्यात त्यांचा विवाह ठरून जातो. इतकी संकोची आणि इतकी खरी प्रणययाचना मला अन्य नाटकांत क्वचितच आढळली.

घरगुती जीवन मराठी रंगभूमीवर त्यापूर्वीच आले होते. आमच्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८४३ साली जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘सौभद्र’ हे नाटक १८८२ मध्ये पुण्याच्या रंगभूमीवर आणले, तेव्हा बलरामाचा कोप, रुक्मिणीचा रुसवा आणि सुभद्रेची तळमळ यांतून यादवांचा राजवाडा मराठी एकत्र कुटुंबाचे घर होऊन गेला होता. दैनंदिन गृहजीवनाला रंगमंचावर प्रतिष्ठा देण्याचे हे कार्य मी फार थोर मानतो. तथापि ‘सौभद्र’ची सारी गती विवाहाकडे आहे, आणि वाइल्डर यांनी विवाह मधल्या अंकात ठेवला आहे. ‘सौभद्र’चा सूत्रधार प्रस्तावना आटोपून निघून जातो, वाइल्डर यांचा सूत्रधार मात्र अखेरपर्यंत थांबतो आणि वर्तमानपत्र टाकणारा पोरगा पुढे महायुद्धात मरणार आहे, हे तो पोरगा डॉक्टरांशी बोलून जातो न जातो तोच सांगून टाकतो.

तिसऱ्या अंकात, १९१३ साली, बाळंतपणात मृत्यू पावलेली एमिली आपल्या बाराव्या वाढदिवसाच्या सकाळी परत येते, आणि चुलीशी गुंतलेल्या आईने क्षणभर तरी आपल्याकडे नीट पाहावे म्हणून व्याकूळ होते. आईच्या अनवधानावर येथे ठपका ठेवण्याचा प्रघात आहे. तो मला सर्वथा अमान्य आहे. मृतांना सवड असते, तशी जिवंतांना नसते. मुलांनी सकाळची गाडी गाठावी म्हणून आमच्या गुंजी गावात अंधार असतानाच ज्या बायका चूल पेटवितात, त्यांनी मुलांकडे टक लावून पाहात बसावे असे कोण म्हणेल? त्यांचे पाहणे भाकरीत उतरलेले असते. एमिलीचा आक्रोश सत्य आहे आणि आईची लगबगही तितकीच सत्य आहे; या दोघींपैकी एकीचाही अधिक्षेप न करता वाइल्डर यांनी त्यांना एकाच स्वयंपाकघरात उभे केले, यातच त्यांची थोरवी आहे असे माझे मत आहे. ज्या दिग्दर्शकाला एमिलीच्या आईचे हात थांबलेले दाखवावेसे वाटतात, त्याला हे नाटक कळले नाही असे मी निःशंकपणे म्हणेन.

खानापूर तालुक्यातील जत्रांत नाटके बसविणाऱ्या मंडळींनी हे नाटक मराठी करून एकदा हाती घ्यावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. पडद्यांचे भाडे वाचेल, हा लाभ किरकोळ होय. नाटकातील दोन्ही आया अदृश्य शेंगांच्या शिरा काढीत गप्पा मारतात, तो प्रवेश शहरी नटींना महिनोन्महिने घोटावा लागतो. आमच्या गावच्या स्त्रियांनी भूमिका केल्या, तर त्यांना फक्त संवाद पाठ करावे लागतील.