पुतळीचं माहेर

व्हेनिसला जाणारी आपली मंडळी गोंडोलात बसतात, सान मार्कोच्या चौकात फोटो काढतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. पुढच्या खेपेला दोन तास जास्त काढा आणि आपल्या पुतळीचं माहेर बघून या.

होय, पुतळीच! आजीच्या पुतळ्यांच्या माळेतली. ही मूळची व्हेनिसची मोहोर, डुकॅट. फ्लॉरेन्स आणि जिनोआने 1252 मध्ये सोन्याची नाणी पाडली. व्हेनिसचे व्यापारी जरा सावध. त्यांनी 1284 मध्ये फ्लॉरेन्सच्या फ्लोरिनच्या तोडीचं नाणं काढलं. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला डोज, म्हणजे तिथला राज्यप्रमुख. दुसरीकडे चांदण्यांच्या बदामी प्रभावळीत उभा येशू. वजन साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध. 1797 मध्ये नेपोलियनने हे प्रजासत्ताक बुडवलं. तोवरच्या 513 वर्षांत कितीतरी डोज आले नि गेले, पण चित्र आणि सोनं तेच!

मी पडलो इंजिनिअर, मला याचंच कौतुक. पण याच सरकारने चांदीची नाणी मात्र हलकी करत नेली. सुरुवातीला एका डुकॅटला सुमारे 40 सोल्दी पडत, पंधराव्या शतकाच्या मध्यावर 124. परदेशी व्यापार डुकॅटमध्ये. मजुरी आणि रोजचा बाजार चांदीच्या नाण्यांत. म्हणजे शब्द पाळला तो परक्यांशी, घरच्या मजुराच्या खिशातलं नाणं घसरत गेलं. हे गाईड सांगत नाहीत.

त्या परक्यांत आपणही आलो. मिरी-मसाल्यासाठी हे सोनं अलेक्झांड्रियाला जाई, तिथून तांबड्या समुद्रातून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर. लॅटिन अक्षरं कोण वाचणार? आकृत्या पाहून लोकांनी नाव ठेवलं पुतळी. नाणं इतकं भरवशाचं, की आपल्याकडेही तशीच नाणी पाडू लागले.

मी एम.एस.ला निघालो तेव्हा तिकिटाला पैसे कमी पडले म्हणून आईने माळेतल्या सहा पुतळ्या मोडल्या. सोनाराने चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही. काट्यावर टाकल्या, हिशेब केला, झालं.

चौकालगत, पाण्यासमोर जुनी टांकसाळ उभी आहे. वास्तुकार सान्सोव्हिनो, सोळावं शतक. आत भट्ट्या, म्हणून आगीच्या भीतीने बांधकामात लाकूड वापरलं नाही, सगळा दगड. आता तिथे ग्रंथालय आहे. टांकसाळीला इटालियनमध्ये म्हणतात झेक्का. तो शब्द अरबी 'सिक्का'वरून आला, आणि आपला शिक्काही तिथलाच. पुढे डुकॅटलाही झेक्कीनो म्हणू लागले.

नाणी पाहायची तर चौकातल्याच कोर्रेर संग्रहालयात. डोजच्या राजवाड्याच्या तिकिटावर तेही बघता येतं. घरी पुतळ्या असतील तर त्यांचे फोटो जवळ ठेवा. कडेची अक्षरं जुळली तर व्हेनिसची, नुसत्या रेघोट्या असतील तर आपल्याकडची. आमच्या माळेतल्या उरलेल्या अकरांचे फोटो मी आईकडून मागवून घेतले होते. दोन जुळल्या.