विद्यापीठांचे प्रतिक्रमण

प्रतिक्रमण म्हणजे मागे वळणे. दिवसभरात घडलेल्या दोषांकडे श्रावक मागे वळून पाहतो, ते मनोमन कबूल करतो. परंतु आवश्यकांचा क्रम तेथेच थांबत नाही. पुढे ते दोष टाळण्याचा संकल्प, म्हणजे प्रत्याख्यान, त्याला जोडलेले असते. आचरणात फरक पडला नाही तर कबुलीला अर्थ उरत नाही. व्यक्तीला लागू असलेला हा नियम विद्यादान करणाऱ्या संस्थांनाही लागू आहे.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. डॉ. आप्पासाहेब पवार हे पहिले कुलगुरू. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने, म्हणजे 'नॅक'ने, या विद्यापीठाला २०१४ मध्ये 'ए' आणि २०२१ मध्ये ४ पैकी ३.५२ गुणांसह 'ए प्लस प्लस' मानांकन दिले. दक्षिण महाराष्ट्राला याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

१९९४ मध्ये स्थापन झालेली ही परिषद अभ्यासक्रम, अध्यापन व मूल्यमापन, संशोधन, प्रशासन अशा सात निकषांवर संस्थांची पारख करते. संस्थेने प्रथम स्वतःचाच अहवाल लिहायचा, मग विद्यार्थ्यांचे मत घेतले जाते आणि बाहेरचे तज्ज्ञ पाहणीस येतात. मधल्या वर्षांत ही जाग ठेवण्याचे काम अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे. रचना उत्तम आहे. बँकेत तपासनीस येणार म्हटल्यावर वह्या जुळवायला बसणारी शाखा आणि रोजची रोकड रोज जुळवणारी शाखा यांत जो फरक असतो, तोच येथेही असतो.

जिल्ह्यातील एका महाविद्यालयात अशी समिती यायची होती. भिंतींना रंग लागला, फायलींना नवे पुठ्ठे चढले. पालकांच्या पूर्वतयारीच्या बैठकीला शिरोळ तालुक्यातील एक शेतकरी आला होता. त्याची मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षात. हिशेबशास्त्रात गुण उत्तम. परंतु उसाचे बिल जमा होणाऱ्या खात्याचे पासबुक आणि घरची वही यांतील शिल्लक का जुळत नाही, हे तिला सांगता आले नव्हते. "गुण आहेत, मग हे का येत नाही?" त्याने विचारले. कोणी उत्तर दिले नाही. चहा आला, विषय बदलला.

एका प्राध्यापकांच्या मनातून मात्र तो प्रश्न गेला नाही. त्यांनी चाचणीच्या जुन्या उत्तरपत्रिका काढून केवळ चुका वाचल्या. बँक जुळवणी पत्रकाचा नमुना बहुतेकांना पाठ होता. न वटलेला धनादेश किंवा बँकेने परस्पर वजा केलेला आकार दिसला की पेन अडखळत होते. पुढच्या वर्षी त्यांनी नाव व क्रमांक झाकलेली खरी पासबुके वर्गात आणली, मुलांना दोघादोघांनी फरक शोधायला लावले आणि काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेतली. अनेकांना जमले, काहींना तरीही जमले नाही. त्यांच्यासाठी वेगळे तास ठेवावे लागले. दोष नेमका कोठे आहे ते शोधणे, शिकवण्यात बदल करणे आणि बदलाचा उपयोग झाला का ते पुन्हा तपासणे : मूल्यांकनाचे सार एवढेच आहे.

तोवर ती मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली होती. तिच्या वाट्याला ही सुधारणा आली नाही. समिती काही वर्षांतून एकदा येते; विद्यार्थी मात्र पदवीची तीन-चार वर्षे एकदाच जगतो. म्हणूनच हे प्रतिक्रमण नित्याचे हवे.

आपल्या समाजाला याची ओळख नवी नाही. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा विद्यार्थी स्वतःच्या पायावर उभा राहावा, ही त्यांची दृष्टी होती. आज मुलांना प्रवेश घेताना पालक महाविद्यालयाचे मानांकन विचारतात, ते योग्यच आहे. त्याबरोबर आणखी एक प्रश्न नम्रपणे विचारावा : गेल्या वर्षी विद्यार्थी कोठे अडखळले, आणि त्यानंतर आपण काय बदलले?